एका ओट्याची मंजुरी

मूर्ख माणसाचा मला राग येत नाही. मूर्खपणाच्या हातात रबरी शिक्का आला की मात्र येतो, आणि तो वर्षानुवर्षं उतरत नाही. असा एक राग मी ऐंशीच्या दशकापासून सांभाळून ठेवला आहे. अधूनमधून काढून बघते. अजून ताजा आहे.

सत्तरचं दशक संपता संपता आम्ही वाशीला राहायला आलो. नवऱ्याची नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होती. माझ्याकडे आर्किटेक्टची पदवी होती, एक ड्रॉइंग बोर्ड होता आणि मुंबईतल्या एका बड्या ऑफिसात दुसऱ्यांचे जिने काढून काढून आलेला कंटाळा होता. पिठाच्या गिरणीच्या वरचा गाळा भाड्याने घेऊन मी पाटी लावली. खाली गिरणी सुरू झाली की माझी पट्टी बोर्डावर आपोआप थरथरायची, आणि संध्याकाळपर्यंत ट्रेसिंग पेपरवर पिठाचा पातळ थर बसायचा. मंजुरीच्या कार्यालयातला एक कारकून माझे नकाशे नाकाशी नेऊन म्हणायचा, ‘मॅडम, आज बाजरी दिसते.’ त्या इमारतीत विनोदबुद्धी असलेला तो एकटाच माणूस होता, आणि त्याला सहीचा अधिकार नव्हता.

ते शहर आधी कागदावर झालं आणि मग जमिनीवर. कागदावर फार देखणं होतं. दुकानांपुढे डेरेदार झाडं काढलेली होती आणि झाडांखाली निवांत हिंडणाऱ्या बायका. प्रत्यक्षात झाडं नव्हती, आणि बायका उन्हात रॉकेलच्या रांगेत उभ्या होत्या. अशा शहरात एक वीट इकडची तिकडे करायची तरी नगररचनेच्या कार्यालयात जाऊन ती का हलवली हे समजावून सांगावं लागे. ‘समजावून’ हा शब्द मी सवयीने वापरते आहे. समोरच्याला समजून घ्यायचं असेल तरच तो शब्द खरा.

कार्यालय एका बैठ्या बराकीत होतं. सगळ्या शहराला हवा, उजेड आणि दारांच्या दिशा शिकवणाऱ्या या लोकांचं स्वतःचं दार आत उघडलं की कपाटावर आपटायचं, म्हणून ते अर्धंच उघडत असे. त्या अर्ध्या दारातून आम्ही सगळे अर्जदार तिरके होऊन आत शिरायचो. साहेबही तिरकाच शिरायचा. पण कपाट हलवावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही, कारण ते हलवण्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता.

साहेब चाळिशीच्या आतला, सरळ भांगाचा, खिशाला दोन पेनं लावणारा. एक निळं, एक लाल. निळ्याने तो सही करतो असं ऐकून होते. मी त्याला लालच वापरताना पाहिलं. पहिल्या खेपेला मी नकाशा पुढे ठेवला तेव्हा त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

‘आर्किटेक्टसाहेब नाही आले?’

‘मीच आर्किटेक्ट.’

‘हो, ते ठीक आहे. पण सही कोणाची?’

‘माझीच.’

त्याने सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सहीकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने म्हणाला, ‘बसा.’ टेबलासमोर खुर्ची नव्हती. पुढेही कधी आली नाही. मी त्या कार्यालयात जितकं बोलले ते सगळं उभ्याने.

त्याच सुमाराला वरून फर्मान निघालं की यापुढे नकाशांवरचा मजकूर मराठीतच हवा. मला मनापासून आनंद झाला होता. तो कार्यालयातल्या फळ्यावर लावलेली शब्दांची यादी वाचेपर्यंत टिकला. बेडरूमचं शयनगृह झालं होतं, बाथरूमचं स्नानगृह आणि लिफ्टचं उद्वाहन. कोपरखैरण्याच्या छोट्या प्लॉटांवर मी जी घरं काढत होते त्यांत सगळं कुटुंब एकाच खोलीत जेवायचं, अभ्यास करायचं आणि पाय दुमडून झोपायचं. त्या खोलीवर मला ‘बहुउद्देशीय कक्ष’ असं लिहावं लागे. साइटवरचा गवंडी विचारायचा, ‘मॅडम, हे कक्ष कुठं बांधायचं?’ फळ्यावर खालच्या बाजूला एक साधा, घरचा शब्द होता, आणि तोच पुढे माझ्या गळ्यात आला. स्वयंपाकघरातला प्लॅटफॉर्म म्हणजे ओटा.

एका रविवारी गिरणीचा जिना चढून एक माणूस आला. तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर, मूळचा खाडीकाठच्या जुन्या गावातला. नवं शहर वसवायला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतलं एक घर. भातशेती गेली, मिठागराचा तुकडा गेला, आणि ह्याला कारखान्यात नोकरी लागली. आता त्याने कोपरखैरण्याला एक प्लॉट घेतला होता. बायको, दोन मुली आणि आई यांच्यासाठी घर बांधायचं होतं.

‘मॅडम, तुमी आत कायपन करा,’ तो म्हणाला. ‘पन पुढं ओटा पायजे. ओटा नसंल तर आई येनार नाय.’

आई आली नाही तर काय, हेही त्याने सांगितलं. नव्या शहराचे रस्ते भराव घालून उंच केले आणि त्यांचं गाव आपसूक खड्ड्यात गेलं. पूर्वी भरतीचं पाणी खाचरांतून पसरून निघून जायचं. आता त्याला जायला वाट राहिली नव्हती, म्हणून ते घरात यायचं. आदल्या पावसाळ्यात म्हातारी ओल्या जमिनीवर राहून छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी एक पावसाळा त्या घरात नको. म्हातारीचं म्हणणं असं की ज्या घराला ओटा नाही ते घर नव्हे, ती खोली. खोलीत मरण्यापेक्षा ती पाण्यात मरेल.

मी तो ओटा काढला. अवघड काय होतं त्यात? दारापुढे जोत्याच्या उंचीचा, घराच्या रुंदीएवढा, दोन माणसांना पाय सोडून आणि एकाला आडवं होता येईल असा. त्यावर लिहिलं: ओटा. मग आत स्वयंपाकघरात फळ्यावरच्या हुकुमाप्रमाणे लिहिलं: ओटा. प्रिंटा काढल्या, पीठ झटकलं आणि दाखल केल्या.

सुनावणीला फिटर रजा टाकून माझ्याबरोबर आला. साहेबाचं लाल पेन नकाशावरून गोगलगायीसारखं सरकत दारापुढे येऊन थांबलं.

‘हे काय?’

‘ओटा.’

‘आणि हे?’ पेन मागे स्वयंपाकघरात गेलं.

‘तोही ओटा.’

‘म्हणजे दोन ओटे.’

‘हो.’

तो खुर्चीत मागे रेलला. चोर रंगेहाथ सापडल्यावर माणूस जसा खूश होतो तसा खूश झाला. ‘मॅडम, एका प्लॉटला एकच घर. दोन ओटे म्हणजे दोन स्वयंपाकघरं. दोन स्वयंपाकघरं म्हणजे दोन बिऱ्हाडं. पुढचा भाग भाड्याने द्यायचा प्लॅन दिसतोय पार्टीचा.’

मला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि लक्षात आलं की या चेहऱ्याला थट्टा येत नाही.

‘साहेब, हा बाहेरचा ओटा. बसायचा.’

‘ओट्यावर बसायचं?’

‘आमच्यात बसतात, साहेब,’ फिटर म्हणाला.

‘आमच्या ओट्याला कडाप्पा आहे,’ साहेब म्हणाला. ‘आई कुणाला टेकूसुद्धा देत नाही. जिथे अन्न शिजतं तिथे बसायचं म्हणजे काय?’

त्याचा सगळा जन्म मुंबईतल्या बंद दारांच्या फ्लॅटमध्ये गेला होता. त्याच्या लेखी ओटा एकच, गॅसच्या शेगडीखालचा. अज्ञान हा गुन्हा नाही. पण मी त्याला बाहेरचा ओटा समजावून सांगत होते, फिटर हातवारे करून सांगत होता, बाजरीवाला कारकूनही आपल्या मामाच्या गावचा ओटा सांगायला उठून आला होता, आणि हा गृहस्थ फळ्याकडे बोट दाखवत होता. फळ्यावर ओटा म्हणजे प्लॅटफॉर्म. फळ्यावर आहे ते आहे, जगात काय असेल ते जगाने बघावं. शेवटी त्याने लाल शाईने शेरा मारला: ‘बाहेरील ओट्यास सांडपाण्याचा निचरा दर्शविलेला नाही. दुसरे स्वयंपाकगृह अनुज्ञेय नाही.’ म्हणजे जे बांधायला बंदी, त्याची मोरी का काढली नाही असाही जाब.

‘शब्द बदलून आणा, बघू,’ तो म्हणाला. ‘टेन्शन घेऊ नका.’

शब्द बदलून आणायचे म्हणून मी आणत राहिले. पडवी लिहून नेली. त्याने विचारलं, ‘छप्पर कुठाय? छप्पर नाही तर पडवी कसली?’ हे मात्र बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर असणं मला जास्त झोंबलं. छप्पर दाखवलं तर ते बांधकामाला मिळणाऱ्या मोजक्या चटईक्षेत्रात धरणार आणि आतली खोली तेवढी कमी होणार. मग कट्टा लिहिला. ‘कट्ट्यावर टवाळ पोरं बसतात, निवासी भागात नको.’ मग वैतागून चबुतरा लिहिला. त्याने गंभीरपणे विचारलं, ‘देवाचा की कबुतरांचा?’ देवाचा असेल तर धार्मिक बांधकामाची वेगळी परवानगी लागते म्हणे. कबुतरांना कुठली लागते ते मी विचारलं नाही, कारण त्याने ती शोधून काढली असती.

या सगळ्या खेपांत नकाशातली एकही रेघ हलली नव्हती. तीच लांबी, तीच रुंदी, तीच उंची. दर वेळी नव्या प्रिंटा, नवा अर्ज, आणि ‘डिझाइनमधील बदलाचे स्पष्टीकरण’ या मथळ्याखाली माझं उभ्याने भाषण. घरी येऊन मी नवऱ्याला त्याची नक्कल करून दाखवायचे. तो हसायचा. मीही हसायचे, आणि मग जेवण टाकून पुढचा शब्द शोधत बसायचे. पदवी मिळवताना पुलाच्या कमानी आणि घुमटांचे भार शिकले होते. इथे एका दगडी चौथऱ्याला काय म्हणायचं एवढ्यावर माझा हिवाळा चालला होता.

शेवटी मी नियमांचं पुस्तक घेऊन बसले आणि मला फट सापडली. घरापुढच्या मोकळ्या जागेत पायऱ्या चालत होत्या. पायरी किती उंच असावी हे लिहिलेलं होतं. किती रुंद असावी हे लिहायचं राहून गेलं होतं. मी ओट्याच्या पुढे एक छोटी पायरी काढली, म्हणजे उंची दोन पायऱ्यांत विभागली गेली, आणि मागच्या सबंध ओट्यावर लिहिलं: पायरी.

साहेबाने पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘रुंद आहे.’

‘पायरीच आहे.’

‘पायरी चालते,’ तो म्हणाला आणि त्याने निळं पेन काढलं. निळी शाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बरोबर आलेल्या फिटरने तिथेच माझे हात धरले, आणि मी अर्ध्या दारातून तिरकी न होताच निघू पाहिलं आणि खांदा आपटून घेतला. इतकी खूश होते.

जोतं भरलं, भिंती उठल्या. ओट्याला वरून शहाबादी फरशी बसली. पावसाळा तोंडावर आला होता आणि म्हातारीला हलवायचं ठरत होतं. तेव्हा फिटर पुन्हा जिना चढून आला. चेहरा उतरलेला होता. कौतुकाने आईला सगळी गंमत सांगायला गेला आणि फसला. साहेबाला कसं बनवलं, ओट्याची कागदावर पायरी कशी केली, हे त्याने तिला रंगवून सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, मी येत नाय.

मला म्हातारीचाही राग आला. ज्या ओट्यासाठी मी इतक्या खेपा घातल्या तो दगडामातीचा उभा आहे, आणि हिला कागदावरच्या शब्दाचं काय पडलंय! याच तावात मी तिला भेटायला गावात गेले. नव्या रस्त्यावरून गावात उतरताना खरोखरच उतरावं लागत होतं. घराच्या भिंतींवर गुडघ्याच्या वर ओलीची रेघ होती. ती आपल्या जुन्या ओट्यावर बसली होती. सुकी, काटक, गुडघ्यावर हात ठेवलेली. मला पाहून तिने सरकून जागा केली.

‘टेक, बाय.’

मी टेकले. तिने सुनेला चहा सांगितला. रस्त्याने एक कोळीण गेली, तिच्याशी मासळीच्या भावावरून दोन शब्द झाले. शेजारचा कोणी बायकोची तक्रार घेऊन आला, त्याला तिने उभ्या उभ्याच परत पाठवलं. मग माझ्याकडे वळली.

‘तुजा राग नाय मना. तू पोर हायेस. पन मना सांग, पायरीवर कोन बसतं?’

सून चहा ठेवून गेली.

‘ज्याला घरान घ्यायचा नाय, तो पायरीवर. ज्याला त्याची पायरी दाखवायची, तो पायरीवर. ओट्यावर बसतो तो घरचा नायतर पावना.’ तिचा आवाज चढला नाही. ‘यांचा हापिस हाय ना, ते आमचं शेत. माज्या सासऱ्याचं. मागं मुतारी बांदलीय ना, तितं आमचा बांद व्हता. माज्या शेतान बसून तो मना लिवून देतो, तुजी जागा पायरीवर. आनि मी जाऊन बसू?’

चहा निवून गेला. मला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. माझ्या त्या फटीतून सगळं घर आत गेलं होतं, फक्त ही म्हातारी बाहेर राहिली होती. आणि तिचं म्हणणं शब्दाबद्दलचं नव्हतंच. आयुष्यभर शेत, मीठ, बांध सगळं लोकांच्या कागदांवरून गेलेल्या बाईला कागद काय चीज आहे हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी सुधारित नकाशा दाखल केला. सबंध कागदावर एकच बदल: पायरी खोडून ओटा. म्हटलं, आता वाट्टेल ते होवो.

‘काय बदललं?’ साहेबाने विचारलं.

‘पायरीचा ओटा केला.’

‘मोजमाप?’

‘तेच.’

‘उंची?’

‘तीच.’

‘मग बदल काय?’

‘नाव.’

‘मग हा बदलच नाही.’

‘मग मंजूर करा.’

‘बदल नसेल तर मंजूर काय करू?’

त्यावर माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं की एक म्हातारी बाई ओल्या घरात खोकते आहे, पावसाळा तोंडावर आला आहे, आणि ती तुमच्या एका शब्दापायी तिथे बसून आहे. तुमच्या आईला तुम्ही पायरीवर बसवाल का?

तो जराही चिडला नाही. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. ‘आमच्या इमारतीला लिफ्ट आहे,’ तो म्हणाला.

‘उद्वाहन,’ मी म्हटलं. तेही त्याला कळलं नाही.

पण एवढं झाल्यावर त्याने जागेची पाहणी करायचं ठरवलं. दुसरं काही सुचलं नाही की ते लोक पाहणी करत.

पाहणीला तो जीपमधून आला. ऊन रणरणत होतं. तुर्भ्याकडच्या खाणींतून खडी भरून आलेले ट्रक धूळ उडवत रस्त्याने जात होते. फिटर आईला घेऊन आला होता. ती नव्या घरासमोर रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभी होती. समोर तिच्यासाठीच बांधलेला ओटा होता, त्यावर तेवढ्यापुरती घराची सावलीही पडली होती, आणि ती बसायला तयार नव्हती. मुलाने दोनदा हाताला धरून नेऊ पाहिलं. तिने हात सोडवून घेतला. मला ते बघवत नव्हतं.

साहेबाने फिटरला टेप धरायला लावला, लांबी मोजली, रुंदी मोजली. मग त्याच्या बुटात खडी गेली. त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि अगदी सहज, काहीही विचार न करता, तो ओट्यावर बसला. बूट काढला, खडी झटकली. मग दुसराही बूट काढला. सावली होती, वारा येत होता. त्याने पाय सोडले, रुमालाने मान पुसली.

‘बस, बाला, बस,’ म्हातारी उन्हातून म्हणाली. ‘पानी आन रे त्याला.’

फिटरने पाणी आणलं. साहेब तांब्याभर पाणी प्यायला. शेजारच्या अर्धवट घराकडे बघून भिंत वाकडी आहे म्हणाला. म्हातारीला विचारलं, गावात बोंबील अजून मिळतात का. ती उभ्याने सांगत होती, तो बसून ऐकत होता. माझ्याशी तो इतका वेळ बोलला असता तर फाइल नामंजूर झाली असंच मी समजले असते. शेवटी बूट चढवून उठला, पँट झटकली आणि म्हणाला, ‘बरं आहे हे. बसायला छान आहे.’

मला वाटलं, संपलं! जे बोलून कळलं नाही ते त्याच्या बुडाला कळलं. जीप गेल्यावर मी फिटरला म्हटलं, आता ओटा लिहून येतो की नाही बघ.

नकाशा मंजूर होऊन आला. निळी सही होती, गोल शिक्का होता. मी उभ्या उभ्या ओट्याची जागा शोधली. ‘ओटा’ हा शब्द लाल रेघेने खोडलेला होता आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘बसावयाची पायरी’.

त्या वेळी मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. तो तिथे बसला होता. बूट काढून, पाय सोडून, पाणी पिऊन बसला होता. आणि टेबलावर परत जाऊन, जिथे आपण बसलो ती जागा त्याने फळ्यावर शोधली, सापडली नाही, म्हणून तिला पुन्हा पायरी करून टाकलं. नीच माणसाने हे मुद्दाम केलं असतं. त्याने कसलाही हेतू न ठेवता केलं, आणि म्हणून माझा राग अजून जात नाही.

मी गुंडाळी घेऊन कोपरखैरण्याला गेले. मुलाने पुन्हा आईला आणून उभं केलं होतं. आभाळ भरून आलं होतं, गावात आदल्या दिवशीच्या भरतीचं पाणी उंबऱ्याला लागलं होतं. फिटर डोळ्यांनी मला विनवत होता: खोटं सांगा. तिला वाचता येत नव्हतं. ओटा लिहिलंय म्हटलं असतं की काम झालं असतं.

‘काय लिवलंय?’ तिने विचारलं.

मी तिला खोटं सांगू शकले नाही. कागदांनी तिला आजवर पुरेसं फसवलं होतं. ‘बसावयाची पायरी,’ मी वाचलं.

फिटरने मान खाली घातली. म्हातारीने काठीच्या टोकाने त्या फरशीवर टकटक केलं.

‘तो बसला व्हता ना ह्याच्यावर? बूट काढून?’

‘हो.’

‘आनि मंग त्यानंच लिवला, पायरी?’

‘हो.’

‘मंग तो पायरीवर बसला,’ ती म्हणाली. ‘माज्या दारान येऊन पायरीवर बसला. बसू दे.’

तिने काठी भिंतीला टेकवली, एक हात फरशीवर ठेवला आणि सावकाश, गुडघे धरत, खाली बसली. पाय सोडले. लुगडं सारखं केलं. रस्त्यावरच्या धुळीकडे, अर्ध्या बांधलेल्या घरांकडे एकदा मालकिणीसारखं पाहिलं.

‘मी ओट्यावर बसलीय,’ ती म्हणाली. मग सरकून जागा केली. ‘तू, बाय? तू कशावर बसतेस?’

‘ओट्यावर,’ मी म्हटलं, आणि नकाशाची गुंडाळी खाली टाकून तिच्या शेजारी टेकले.